खालचा हात

१

पट्टी मंगळवारी बांधली की गुरुवारी, हे त्याला शपथेवर सांगता आलं नसतं. एरवी वार-तारखांच्या बाबतीत तो पक्का. जन्मभर कॉलेजात संभाव्यतेचं गणित शिकवलेला माणूस. गल्लीत सगळे त्याला प्रोफेसर म्हणत. पण म्हातारपणी आठवणीला सोयीप्रमाणे वागायची खोड लागते, हे तो जाणून होता. आणि गुरुवार हा वार त्याच्या फारच सोयीचा होता. म्हणून तर संशय.

टेबलाबद्दल मात्र त्याला कधी संशय आला नाही.

दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. आई-वडील वर्षाच्या आत पाठोपाठ गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि ताई अठराची. ताईचा डावा हात लहानपणीच्या तापात गेलेला. बसताना ती तो उचलून मांडीवर ठेवायची, पाहुण्यानं आपली पिशवी ठेवावी तसा. नाताळच्या शोभेच्या वस्तू विकणाऱ्या एका दुकानासाठी ती भरतकाम करायची. बशीएवढ्या लाकडी रिंगा, त्यांत ताणून बसवलेलं पांढरं कापड, आणि त्यावर रंगीत धाग्यांनी भरलेल्या घंटा, तारे, मेणबत्त्या, लाल छातीचे पक्षी. वर फीत बांधली की रिंग झाडाला टांगायला तयार.

आता रिंगेवर भरायचं तर हात दोन लागतात. वरचा सुई खुपसतो, खालचा ती ओढून घेतो आणि परत वर पाठवतो. ताईजवळ एकच. तिनं सुताराकडून टेबलाला मधोमध गोल भोक पाडून घेतलं, त्यावर रिंग चिमट्यांनी घट्ट बसवली, आणि धाकट्या भावाला टेबलाखाली बसवलं.

"शाळा सुटली की सरळ इथे यायचं," तिनं बजावलं. "उजव्या हातात पुस्तक धर, पाहिजे तेवढं वाच. डावा हात माझा."

खालून त्याला नक्षी दिसायची नाही. दिसायचा तो गोल उजेड. खिडकीचं ऊन कापडातून झिरपायचं आणि टेबलाखालच्या अंधारात ती रिंग चंद्रासारखी लटकून राहायची. पुक् करून सुईचं टोक त्यातून बाहेर यायचं. तो सुई धरून धागा पुरा ओढून घ्यायचा. मग ताई पुढच्या टाक्याची जागा वरून नखानं दाखवायची. टक्. तर्जनीचं नख तिनं त्यासाठीच वाढवलं होतं, एका बाजूनं तिरकं कापलेलं. त्याची शिडासारखी सावली कापडावर उमटायची, तिथे त्यानं सुई वर पाठवायची, आणि सर्र करून धागा निघून जायचा. पुक्, टक्, सर्र. अकरा वर्षं.

"ए खालच्या, झोपलास का?"

"पाढे म्हणतोय मनात."

"मनातले पाढे जरा जोरात म्हण. सतरा साते किती?"

"एकशे एकोणीस. ताई, हे काय भरतोयस आपण?"

"भरतोयस नाही, भरतोय. हरीण आहे."

"मागून बघितलं तर बटाटा वाटतो."

"तुझ्यासारखा दिसतो म्हण की."

या कामाचा नियम एकच होता. सुई खाली असताना उठायचं नाही. एकदा, नऊ-दहा वर्षांचा असताना, त्यानं गंमत म्हणून सुई हातात धरून ठेवली आणि गप्प बसला. वरून टक् झालं. मग टक् टक्. मग बराच वेळ काहीच नाही. तो तोंडावर हात दाबून हसत होता. ताई रागावली नाही. खूप वेळानं ती एवढंच म्हणाली, "सुई तुझ्याजवळ असली की मला नुसतं बसून राहावं लागतं रे. दुसरं काही करताच येत नाही."

त्यानं तसं पुन्हा कधी केलं नाही. म्हणजे एकदाच केलं.

२

अठराव्या वर्षी त्याला लांबच्या शहरात शिष्यवृत्ती मिळाली. निघायच्या दिवशीही दोघं कामाला बसले होते. गाडी यायला अवकाश होता आणि एक घंटा अर्धी राहिली होती. पुक् करून सुई त्याच्या बोटांत आली आणि त्याच क्षणी खाली हॉर्न वाजला. तो धडपडत बाहेर आला, टेबलाची कड डोक्याला लागली. ताई हसली. "बघ, टेबलसुद्धा सोडत नाहीये. पळ. पोचल्याचं पत्र टाक."

गाडी शहराबाहेर पडल्यावर त्याच्या ध्यानात आलं की सुई खालीच लोंबत राहिली.

पोचल्याच्या पत्रात त्यानं तेही लिहिलं. ताईचं उत्तर आलं: "असू दे. सुईची काळजी करू नकोस. जेवत जा."

पुढच्या पत्रात त्यानं विचारलं, आता खाली कोण बसतं? "आहे एक," तिनं लिहिलं. "तुझ्यासारखी बडबड करत नाही."

त्या डिसेंबरात टपालानं एक रिंग आली, आणि मग दर डिसेंबरात येत राहिली. तो आधी तिची मागची बाजू बघायचा. एका हातानंही भरता येतं, नाही असं नाही. दर टाक्याला वाकून तोच हात खाली घालायचा. पण मग मागे धागा सैल पडतो, गुंते होतात. ताईच्या रिंगेची पाठ पुढच्या बाजूइतकीच स्वच्छ असायची. म्हणजे दोन हात होते. म्हणजे तिला कुणीतरी मिळालं होतं.

त्याला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याच्या जोरावर त्यानं पुढची पदवी घेतली, नोकरी घेतली, लग्न केलं, आणि पन्नास वर्षांत ताईकडे तीन वेळा जाऊन आला. तिन्ही वेळा उन्हाळ्यात, तिन्ही वेळा एकाच दिवसासाठी. टेबलावर जमिनीपर्यंत लोंबणारी चादर असायची.

"तुझा तो मदतनीस कुठाय?" तो विचारायचा.

"आज सुट्टी दिलीये त्याला."

"कोण आहे? शेजारचा मुलगा वगैरे?"

"चहा घे, निवतोय."

चादर उचलून बघणं काही अवघड नव्हतं. पण पाहुणा म्हणून आलेला माणूस दुसऱ्याच्या टेबलाखाली कशाला डोकावेल?

३

बोटांचं कधी सुरू झालं, ते त्याला सांगता आलं नसतं. बायकोच्या लक्षात आलं ते लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत.

"अहो, हे काय? बोटाला टोचलंय तुमच्या."

डाव्या तर्जनीच्या आणि मधल्या बोटाच्या टोकाला बारीक लाल ठिपके. दोन-तीन ताजे, बाकीचे खपली धरलेले.

"टाचण्यांनी लागलं असेल. उत्तरपत्रिकांच्या."

"टाचण्या उजव्या हातानं काढता की डाव्या?"

तो उजखोरा होता. त्यानं विषय बदलला.

ठिपके सप्टेंबरात यायला लागत आणि नाताळ झाला की जात. दरवर्षी. त्वचेच्या डॉक्टरनं कोरडी हवा म्हणून सांगितलं आणि एक मलम दिलं. बायको म्हणायची, "मलमाची डबी आहे की पंचांग? उघडली की कळतं थंडी आली." घरात त्याचा विनोदच होऊन बसला. त्याच महिन्यांत दुपारच्या तासाला कधीकधी त्याचा डावा हात बधिर व्हायचा. तो फळ्यासमोर बोलत असायचा आणि हात खिशात, आपल्याच नादात, चिमटीत काहीतरी धरल्यासारखा वर-खाली होत असायचा. विद्यार्थी मागच्या बाकावर त्याची नक्कल करत.

योगायोग हा तर त्याचा विषय. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे त्यानं हजारो पोरांना घोकून घोकून शिकवलं होतं. स्वतःलाही. डिसेंबरात रिंग यायची, बायको ती खिडकीत टांगायची, आणि तो मलमाच्या डबीचं झाकण लावून ठेवून द्यायचा.

४

तो अडुसष्ट वर्षांचा होता त्या वर्षीची गोष्ट. नोव्हेंबर सरत आला होता. दुपारचं जेवण झालं होतं, बायको पलीकडे चष्मा पुसत बसली होती, आणि त्याचा डावा हात टेबलाखाली मांडीवर होता.

टक्.

आवाज वरून आला. लाकडाचा नव्हता, ताणलेल्या कापडाचा होता. तो आवाज त्यानं झोपेतही ओळखला असता. त्याच्या समोर टेबलावर मिठाची बाटली आणि वर्तमानपत्र, दुसरं काही नव्हतं. आणि खाली त्याचा हात उचलला गेला, दोन बोटं अंगठ्याशी जुळली, आणि टेबलाच्या पाठीला जाऊन टेकली.

"हात काय करतोय तुमचा?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. मुंग्या आल्यात."

टक्.

बोटाच्या टोकाशी बारीक कळ आली. हात वर काढला तर रक्ताचा ताजा थेंब. टेबलाची खालची बाजू त्यानं गुडघे टेकून, चष्मा लावून, इंच इंच तपासली. खिळा नव्हता, साल निघालेली नव्हती.

"ताईंना फोन करा," बायको अचानक म्हणाली. त्यानं तिला काहीच सांगितलं नव्हतं.

"तिच्याकडे फोन कुठाय?"

"शेजारणीकडे आहे ना. नंबर दिलाय त्यांनी."

"आणि विचारू काय? ताई, तू माझ्या टेबलावर टकटक करतेस का, असं?"

"विचारायचं. ताईच आहेत, परीक्षक नाहीत."

त्यानं फोन केला नाही. तो हाताच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर तरुण आणि हसतमुख होता. "मेंदू रिकामा झाला की हात उद्योग शोधतात, साहेब. निवृत्त लोकांत बघतो मी. नकळत टोचून घेताय तुम्ही. दहा दिवस बांधून टाकू, सवय मोडेल." आणि त्यानं डावा हात मनगटापासून पाचही बोटांसकट पांढऱ्या पट्टीत असा आवळून बांधला की तो कणकेच्या गोळ्यासारखा दिसायला लागला.

त्यानंतर टोचलं नाही. पण टक् टक् थांबलं नाही. पहिल्या दिवशी शांतपणे, ठरावीक अंतरानं. मग घाईनं. मग पुन्हा शांतपणे, खूप वेळ मध्ये सोडून, चुकून एकदा. तो रेडिओ मोठ्यानं लावायचा.

"सोडा ती पट्टी," बायको म्हणायची. "तुमचा चेहरा बघवत नाही."

"दहा दिवस म्हणजे दहा दिवस."

"मोठे शिस्तीचे! औषधाच्या गोळ्या चुकवता तेव्हा कुठे जाते शिस्त?"

पट्टीच्या आत बोटं वळवळत होती. त्याला भीती वाटत होती, ही साधी गोष्ट होती. अडुसष्ट वर्षांच्या शिकल्यासवरल्या माणसाला एका आवाजाची भीती वाटत होती, आणि भीती कबूल करण्यापेक्षा डॉक्टरचं ऐकणं सोपं होतं.

बुधवारी सकाळी शेजारणीचा फोन आला. ताई गेली होती.

५

सगळं आटोपल्यावर, शुक्रवारी दुपारी, तो ताईच्या खोलीत एकटा उभा होता. शेजारीण किल्ली घेऊन दारात थांबली होती. साठीची बाई, बोलण्यात मोकळी.

"तुमच्या हाताला काय झालं, भाऊ?"

"विशेष काही नाही. बांधायला सांगितलाय."

टेबल तिथेच होतं. चादर काढून घडी करून ठेवलेली. भोकावर रिंग, आणि रिंगेत लाल हातमोज्यांची जोडी, दोरीनं एकमेकांना जोडलेली. उजवा मोजा पुरा भरलेला. डावा अंगठ्यापर्यंत आला होता आणि तिथून पुढे नुसती पेन्सिलची रेघ. शेवटच्या टाक्याचा धागा कापडातून खाली गेला होता.

"खाली मदतीला कोण बसायचं?" त्यानं विचारलं.

शेजारीण म्हणाली, "कुणी नाही."

"नाही, ती म्हणायची, एक जण आहे म्हणून."

"भाऊ, मी तीस वर्षं इथे राहतेय. भिंतीला भिंत आहे. या खोलीत माझ्याशिवाय कुणी आलं नाही. बोलायच्या मात्र सारख्या. आता वर पाठव, हळू, शाबास, असं. सतरा साते किती, असलं काहीबाही. मी म्हणायचे, एकट्या बाईला आवाज हवा."

तो खुर्चीवर बसला.

"शेवटी शेवटी मात्र काम थांबलं होतं त्यांचं," ती म्हणाली. "मला दिवससुद्धा आठवतो. मागच्या आठवड्यातला मंगळवार. मी चहा घेऊन आले तेव्हा समोरच्या शाळेची घंटा होत होती, म्हणजे साडेतीन. त्या तशाच बसलेल्या, बोट कापडावर. म्हणाल्या, 'उठला गं तो.' मी म्हटलं, कोण? तर म्हणाल्या, 'येईल. सुई त्याच्याजवळ आहे.' मग रोज तशाच. मी म्हणायचे, ताई, दुसरं काहीतरी करा, अंथरुणावर पडा जरा. नाही म्हणजे नाही. 'सुई खाली आहे, मला उठता येत नाही.' बुधवारी सकाळी आले तर डोकं टेबलावर. बोट तिथेच."

तिनं डोळे पुसले. "चहा करून आणते," ती म्हणाली आणि गेली.

६

त्यानं दातांनी गाठ सोडली आणि पट्टी उलगडली. बोटं पांढरी पडली होती, सुरकुतलेली, पाण्यात राहिल्यासारखी.

मग तो टेबलाखाली शिरला. गुडघे कुरकुरले, पाठ लाकडाला घासली. सात वर्षांच्या मुलासाठी बेतलेली जागा ती. वर गोल उजेड होता. त्यातून लाल धागा खाली आला होता आणि धाग्याच्या टोकाला सुई लोंबत होती, संथ फिरत, जणू कुणी आत्ताच सोडलेली.

त्यानं ती डाव्या हातात धरली.

"आलो, ताई," तो म्हणाला. आपलाच आवाज त्याला कसासाच वाटला.

काही झालं नाही. जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली आणि विरली. आता उठावं, सुई कापडात टोचून ठेवावी, रिंग पिशवीत घालावी आणि घरी जावं, असा शहाणा विचार त्याच्या मनात आला. सुई खाली असताना उठायचं नाही. तो बसून राहिला. किती वेळ, कोण जाणे. ती कशी आठ दिवस बसली असेल, एवढंच त्याला कळत होतं.

उजेडात एक सावली आली. लहानशी, एका बाजूनं तिरकी, शिडासारखी.

टक्.

त्यानं त्या ठिपक्यात सुई वर पाठवली. ती चिमटीतून अलगद निघून गेली. सर्र करून धागा ओढला गेला, आणि क्षणभरानं पुक् करून टोक पुन्हा खाली आलं.

तो रडत होता आणि हात चुकत नव्हता. मध्ये त्यानं हळूच विचारलं, "काय भरतोय आपण?" उत्तर आलं नाही. टक् झालं, जरा जोरात, लक्ष दे म्हटल्यासारखं. मान वाकवून टेबलाच्या कडेवरून वर बघणं शक्य होतं. त्यानं बघितलं नाही.

मग एकदा सर्र झालं आणि सुई परत आली नाही.

शेजारीण चहा घेऊन आली तेव्हा तो टेबलाला धरून उभा राहत होता. "अगं बाई," ती म्हणाली, "खाली काय पडलं होतं?" मग तिचं लक्ष रिंगेकडे गेलं. डावा मोजा पुरा झाला होता. धागा कापलेला, सुई काठाशी टोचून ठेवलेली, ताई ठेवायची तशी.

परतीच्या प्रवासात त्यानं त्याचा उलगडा करून पाहिला. दर टाक्याला आपणच बाहेर आलो असू, वरून धागा ओढला असेल, पुन्हा खाली शिरलो असू. दुःखात माणसाला भान राहत नाही. गुडघे दुखत होते, म्हणजे तसं झालेलं असू शकतं. संभाव्यता शून्य नव्हती. एवढ्यावर त्यानं स्वतःला थांबवलं.

पुढच्या सप्टेंबरात बोटांवर ठिपके आले नाहीत. पुन्हा कधीच आले नाहीत. मलमाची डबी वाळून गेली.

७

वाराचा प्रश्न तेवढा राहिला. शेजारीण मंगळवार म्हणाली होती. त्याला वाटत होतं, आपण डॉक्टरकडे गेलो तो गुरुवार होता. त्या दोन दिवसांवर सगळं टिकून होतं. ताई मंगळवारी आपणहून थांबली असेल, थकून, वयानं, आणि पट्टी नंतर बांधली गेली असेल, तर ते सगळं योगायोगात बसत होतं. दवाखाना घरापासून पाच मिनिटांवर होता; एकदा जाऊन विचारलं असतं तर मिटलं असतं. तो रस्ता बदलून जायचा. एकदा जेवताना बायको सहज म्हणाली, "तो मंगळवारच ना, आपण गेलो तेव्हा मी…" आणि त्यानं मीठ मागितलं. तिनं बाटली पुढे सरकवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

आठ वर्षांनी बायको गेली. तिचं कपाट आवरताना बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. दवाखान्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या ती त्यात ठेवायची, तारखेप्रमाणे, रबर लावून. जाड गठ्ठा होता. हवी ती चिठ्ठी मात्र तिनं वेगळी काढून सगळ्यांत वर ठेवली होती, कधी ना कधी तो बघेल म्हणून. तो खिडकीजवळ गेला आणि चष्मा लावला.

मंगळवार. दुपारी सव्वातीन. डावा हात, पाचही बोटं, दहा दिवस.